'बायकांचं असतंच कमी'

मागच्याच्या मागच्या दिवाळीत आमच्या घरात एक नवा विनोद सुरू झाला. आई चकली चहात घालून खायला लागली होती. नुसतं टोक बुडवून नाही. चकलीचे बारीक तुकडे करायचे, कपात टाकायचे, ते फुगून लगदा झाला की चमच्याने खायचे. "आईला अजून दात यायचेत," असं माझा धाकटा भाऊ म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. आईपण हसली. मी त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. बावीस सेकंदांचा तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात आई घास गिळताना मान किंचित पुढे काढते, डोळे मिटते आणि मग पटकन पाण्याचा पेला उचलते. तेव्हा आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं.

आई तेव्हा ५१ वर्षांची होती. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, म्हणजे ज्वारीचा मुलूख. भाकरी खाल्ली नाही तर जेवण झालं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. त्या घरातली बाई आधी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली, मग भाकरी सोडून वरणभातावर आली, मग मऊ भातावर. सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी, एकटी जेवत असल्याने तिच्या ताटात काय आहे हे कोणी पाहिलंच नाही. वर्षभरात सहा किलो वजन उतरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बारीक झालात, छान दिसताय."

फेब्रुवारीत तिने मला फोनवर सांगितलं, "अगं, घास घशाखाली उतरत नाही." त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, कारण ते मला विसरता येत नाही. मी म्हणाले, "कशाचं एवढं टेन्शन घेतेस?"

यात चूक माझी आहेच, पण थोडी आपल्या भाषेचीही आहे. मराठीत घास घशाखाली न उतरणं म्हणजे काळजी. आवंढा येतो तो दुःखाने. घसा दाटतो तो मायेने. गिळण्याशी संबंधित सगळं आपण कधीच भावनांच्या खात्यात टाकून दिलंय. त्यामुळे एखादी बाई जेव्हा खरोखर, शब्दशः सांगते की माझा घास खाली जात नाही, तेव्हा आपल्याला वाक्प्रचार ऐकू येतो. तिच्या अन्ननलिकेत काही अडकलंय हे आपल्या डोक्यातच येत नाही.

डॉक्टरांच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्यांनी गॅस आहे म्हटलं, ॲसिडिटी वर येते म्हणून सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी दिली. ती चार महिने चालली. दुसरे कान-नाक-घशाचे. त्यांनी आत पाहिलं, घसा स्वच्छ आहे म्हणाले आणि बाबांना विचारलं, "घरात काही टेन्शन? मुलीचं लग्न वगैरे?" झालं! मी २८ वर्षांची, लग्न न झालेली, पुण्यात एकटी राहणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर. निदान मिळालं. त्या उन्हाळ्यात निदान चार नातेवाइकांनी मला फोन करून सांगितलं की तुझ्या काळजीने आईला अन्न जात नाही. आणि मला खरं वाटलं. मी दोन स्थळं बघूनही आले.

सप्टेंबरमध्ये कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी होती. घरच्यांसाठी सवलत होती, म्हणून मी सगळ्यांना पुण्याला बोलावलं. एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये चौघांचं रक्त घेतलं. हिमोग्लोबिन आलं ते असं: बाबा १४.१. भाऊ १५.३. मी ९.८. आई ६.९.

हे आकडे पुन्हा वाचा. बाबा, भाऊ आणि आई एका छपराखाली राहतात, एकाच गिरणीतलं पीठ खातात, एकाच नळाचं पाणी पितात. तरी त्यातल्या एका माणसाच्या रक्तात दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी हिमोग्लोबिन आहे. माझ्या कामात असं दिसलं असतं, म्हणजे एकाच सेटअपवर चालणाऱ्या तीन सर्व्हरपैकी एक निम्म्या क्षमतेने चालतोय असं कळलं असतं, तर रात्री दोन वाजता मला उठवलं असतं. मी आईचा रिपोर्ट मावशीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "बायकांचं असतंच कमी. बीट दे."

या वाक्याशी माझं भांडण आहे. एकट्या मावशीशी नाही. तिने हे वाक्य तिच्या आईकडून घेतलं, गावातल्या नर्सबाईंकडून घेतलं, तिच्या स्वतःच्या बाळंतपणात डॉक्टरांकडून ऐकलं. तिचं स्वतःचं आठ असतं, हे ती उंची सांगावी तसं सांगते.

लॅबच्या रिपोर्टवर जी पातळी छापलेली असते ती बायकांसाठी आधीच वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं तर रक्तक्षय, गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली. त्यामागे शरीरशास्त्राची कारणं दिली जातात, त्यावर मी इथे भांडत नाही. पण आपण घरात त्या १२ चे दहा केले, दहाचे आठ केले. आठ असलेली बाई स्वयंपाक करते, धुणं धुते, दळण आणते, म्हणजे ती ठीकच असणार. आमच्याकडे एखादा अलर्ट सारखा वाजायला लागला की कंटाळलेला इंजिनिअर त्याची मर्यादा बदलतो किंवा तो म्यूट करून टाकतो. मी स्वतः केलंय. बिघाड तिथेच राहतो, फक्त आवाज बंद होतो.

आईला मग पुण्यातल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, पाणी अडकतं की भाकरी?"

सात महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यात सगळं होतं. घशात गोळा असल्यासारखं वाटणं ही एक तक्रार. ती खूप लोकांना होते, बरेचदा जेवत नसताना जास्त जाणवते, आणि जेवण मात्र नीट उतरतं. तिच्यामागे ताण असू शकतो. पण पाणी, चहा, ताक नीट जातंय आणि भाकरी, चपाती, चकली अडकतेय, आणि हे महिन्यामहिन्याने वाढतंय, ही वेगळीच गोष्ट आहे. मन भाकरी आणि ताक यांत फरक करत नाही. अरुंद झालेली नळी करते.

दुसरं म्हणजे त्यांनी आईची नखं पाहिली. मधे खोलगट, कडा वर आलेल्या, चमच्यासारखी. जीभ पाहिली, ती गुळगुळीत आणि लाल. ओठांचे कोपरे चिरलेले. हे सगळं आम्ही रोज पाहत होतो. नखं "भांडी घासून झालीत", ओठ "थंडीने फुटलेत". आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, आईने खाली बघत मान हलवली: हो, तांदूळ निवडताना ती मूठ मूठ कच्चे तांदूळ खायची. कित्येक वर्षं. लोह कमी पडलं की माणसाला माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ असं काहीतरी खावंसं वाटतं हे जुनं, माहीत असलेलं लक्षण आहे. आमच्याकडे ती 'आईची खोड' होती.

मग बेरियमचा एक्स-रे झाला. दुधासारखं पांढरं औषध पिताना गळ्याचे फोटो काढतात. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला, पुढच्या बाजूने, एक पातळ पापुद्रा आत आलेला दिसला. डॉक्टर त्याला 'वेब' म्हणतात. दिवसभर वेबवर काम करणाऱ्या मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. दुर्बिणीतून तपासणी करताना त्यांनी तो पापुद्रा ताणून मोकळा केला, तुकडा तपासायला पाठवला, त्यात कॅन्सर नव्हता. आईच्या शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन होतं ३. निरोगी माणसात ते १५ च्या खाली गेलं तरी साठा संपला असं धरतात. तिला शिरेतून लोह दिलं, नंतर गोळ्या.

गिळायला त्रास, लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय आणि अन्ननलिकेतला हा पापुद्रा, हे तिन्ही एकत्र आले की त्याला प्लमर-व्हिन्सन सिंड्रोम म्हणतात. हेन्री प्लमर आणि पोर्टर व्हिन्सन हे दोघं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर. ब्रिटनमध्ये याच आजाराला पॅटरसन आणि ब्राउन केली यांचं नाव आहे, त्या दोन घसातज्ज्ञांनी १९१९ साली तो वेगवेगळा नोंदवला होता. रुग्ण बहुतेक बायका, चाळिशी ते सत्तरी. लोह काही फक्त हिमोग्लोबिन बनवायला लागत नाही. पेशींना ऊर्जा तयार करायलाही ते लागतं, आणि तोंडाचं, घशाचं, अन्ननलिकेचं अस्तर सतत झिजून नव्याने बनत असतं. लोह संपलं की ते अस्तर पातळ आणि कमकुवत होतं. त्यातून पापुद्रा नेमका कसा उभा राहतो यावर तज्ज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही. पण बऱ्याच रुग्णांमध्ये नुसतं लोह दिल्यावर गिळणं सुधारायला लागतं, हे वारंवार दिसलेलं आहे.

हे सगळं मी त्या रात्री वाचत बसले होते आणि वाचता वाचता एका ठिकाणी थांबले. व्हिन्सन यांनी १९२२ साली या रुग्णांवर जो लेख लिहिला त्याचं शीर्षक होतं 'हिस्टेरिकल डिस्फेजिया'. म्हणजे हिस्टेरियामुळे गिळता न येणं. ज्या माणसाच्या नावाने हा आजार आज ओळखला जातो त्याने त्याला दिलेलं नाव हे असं. बायका सांगत होत्या की अन्न अडकतं. त्या फिकट होत्या, रक्त कमी होतं. आणि शीर्षक ठरलं हिस्टेरिया.

शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरला मी आज फासावर देत नाही. त्याच्याकडे फेरिटिनची चाचणी नव्हती, दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या. पण आमच्या तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब तीन आहेत. रक्ताची साधी तपासणी एका पिझ्झापेक्षा स्वस्त आहे. तरीही मिळालेलं उत्तर १९२२ चंच होतं, फक्त 'हिस्टेरिया'च्या जागी 'मुलीचं लग्न' घातलेलं.

आणि त्या चार महिन्यांच्या गोळीबद्दल. अन्नातलं, विशेषतः धान्य-भाजीतलं लोह शोषलं जाण्यासाठी पोटातलं आम्ल लागतं. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर लोह शोषण आणखी कमी होऊ शकतं. जिच्या अंगात लोह नव्हतं तिला न तपासता आम्ही ते औषध देत होतो, आणि मी दर महिन्याला फोनवर विचारत होते, "गोळी घेतेस ना वेळेवर?"

यावर मला एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं की अगं, हा दुर्मिळ आजार आहे, प्रत्येक घसा दुखणाऱ्या बाईत कोण शोधणार? बरोबर आहे. आजार दुर्मिळ आहे. पण त्याचं कारण दुर्मिळ आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१: १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी. चौथ्या फेरीत ५३ होते. महाराष्ट्र, ज्याला आपण पुढारलेलं म्हणतो, तो ४८ वरून ५४ वर गेला. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तामुळे हे आकडे फुगतात असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. ठीक, फुगू देत. त्याच सुईने, त्याच पद्धतीने पुरुषही मोजले, आणि त्यांच्यासाठीची मर्यादा तर जास्त आहे. ते निघाले २५ टक्के. तो फरक सुईने पडलेला नाही.

आणि मैत्रिणीला माझं म्हणणं इतकंच होतं की कोणी दुर्मिळ आजार शोधू नका. हिमोग्लोबिन बघा. घन पदार्थ अडकतात म्हणणाऱ्या, पन्नाशीतल्या, वजन उतरलेल्या माणसाला दुर्बिणीची तपासणी सांगा, कारण तिथे कॅन्सरही असू शकतो आणि ती शंका आधी फेडायची असते. यात कसलं दुर्मिळ ज्ञान आलं?

कॅन्सरचं नाव मी उगाच काढलेलं नाही. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या कर्करोग रुग्णालयातल्या आल्बोम नावाच्या डॉक्टरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय की तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये हा रक्तक्षय आणि हे गिळण्याचं दुखणं त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं. म्हणून या रुग्णांवर नंतरही लक्ष ठेवावं लागतं, आईलाही ठराविक काळाने दाखवायला न्यावं लागणार आहे. स्वीडनने त्यानंतरच्या दशकात पिठात लोह घालायला सुरुवात केली. तिथल्या बायकांचा आहार सुधारला, त्यांना लोह मिळायला लागलं, आणि एके काळी तिथे नित्याचा असलेला हा आजार आता तिथल्या तरुण डॉक्टरांना बहुधा पुस्तकातच भेटतो. आमच्या डॉक्टरांना पुस्तक उघडायची गरज पडली नाही. ते म्हणाले, वर्षाला काही जणी येतातच.

आता सरकारकडे येते. २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' चालू आहे. त्यात सहा गट आहेत: लहान मुलं, शाळकरी मुलं, किशोरवयीन, प्रजननक्षम वयातल्या बायका, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया. दर वर्षी तीन टक्के अंकांनी रक्तक्षय कमी करायचं लक्ष्य होतं. ते जाऊ दे, लक्ष्यं चुकतात. मला ती यादी बघवत नाही. बाई त्यात येते ती आई होईल म्हणून, होतेय म्हणून, झाली म्हणून. ४९ व्या वर्षी ती यादीतून बाहेर. सर्वेक्षणातही ती ४९ पर्यंतच मोजली जाते. माझी आई ५१ ची. तिचे ६.९ कोणत्याही टक्केवारीत नाहीत. ज्या वयात हा आजार पकडतो त्या वयाच्या अर्ध्याअधिक बायका मोजणीतच नाहीत. गर्भाशयाचं काम संपलं की बाईच्या रक्ताशी देशाचं काम संपतं, असं कोणी कागदावर लिहिलेलं नाही. कागद तसाच वाचला जातो, एवढंच.

घरातही वेगळं काय होतं? आई दोनदा बाळंत झाली तेव्हा तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्या तिने खाल्ल्या, कारण 'बाळाला लागतं'. त्यानंतर तेवीस वर्षं कोणी विचारलं नाही.

आणि रक्त जात होतं कुठे, हा प्रश्न तर सगळ्यात शेवटी आला. लोहाची कमतरता हे उत्तर नसतं, ते आणखी एका प्रश्नाचं दार असतं. पोटविकारतज्ज्ञांनी आईला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या. पाच-सहा वर्षं आईच्या अंगावरून भरमसाट जात होतं. पाळी आठ आठ दिवस, कधी महिन्यातून दोनदा. मी तिची मुलगी, माझ्या फोनमध्ये पाळीची नोंद ठेवणारं ॲप आहे, ऑफिसात मी मासिक पाळीच्या रजेवर भांडलेय. तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "जायच्या वेळी असंच होतं म्हणतात ना." कोण म्हणतं? सगळ्या म्हणतात.

दुखणं 'अंगावर काढणं' हा शब्द मला वाटत नाही दुसऱ्या कुठल्या भाषेत इतक्या कौतुकाने वापरला जात असेल. "तिने सगळं अंगावर काढलं हो," हे आपल्याकडे मेलेल्या बाईबद्दल बोलायचं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र आहे. इथे मला माझ्याच पिढीवर थोडं चिडायचंय. आई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेलं खाते, शेवटची भाकरी आपल्याला वाढून 'मला भूकच नाही' म्हणते, याच्या रील्स तुम्हीही शेअर केल्या असतील. मागे हळुवार संगीत, कमेंटमध्ये लाल हृदयं. मीही केल्यात. ती रील म्हणजे एका कुपोषित माणसाचा व्हिडिओ आहे. तिला भूक नाही कारण तिच्या अंगात रक्त नाही. रक्तक्षयात भूकही मरते. ज्याला आपण त्याग म्हणून डोळे पुसतो त्यातलं बरंचसं लक्षण असतं.

बीटाचंही एकदा सांगून टाकते, कारण मावशीच नाही, आमच्या कंपनीच्या आरोग्य सप्ताहातल्या आहारतज्ज्ञबाईंनीही बीटाचा रस सांगितला होता. बीट लाल असतं म्हणून ते रक्त वाढवतं, हे लॉजिक लावलं तर कलिंगडानेही वाढायला हवं. १०० ग्रॅम बीटात एक मिलीग्रॅमही लोह नसतं. भारतीय बाईला रोज २९ मिलीग्रॅम लागतं असं आयसीएमआरचं २०२० चं मानक सांगतं, पुरुषाला १९. धान्य-डाळीतलं लोह शरीर आधीच कमी शोषतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. पालेभाजी, डाळी, लिंबू पिळून खाणं, चालत असेल तर मांस-मासे, हे सगळं चांगलंच. पण फेरिटिन ३ असलेल्या माणसाला जेवणाने वर काढायचं म्हणजे रिकामी विहीर तांब्याने भरणं. तिथे औषध लागतं, तपासून, डॉक्टरांच्या सांगण्याने, आणि हिमोग्लोबिन वर आल्यावरही काही महिने, साठा भरेपर्यंत. गोळीने शौचाला काळं होतं, पोट बिघडतं, बायका आठवड्यात सोडून देतात, आणि बीट पुन्हा स्वयंपाकघरात येतं. बीटाने पोट बिघडत नाही. बीटाने कोणाला काही विचारावंही लागत नाही, हा त्याचा खरा गुण.

राहिलं माझं ९.८. आईच्या धावपळीत मी ते विसरले होते, असं लिहायला बरं वाटलं असतं. खोटं आहे. मी त्याआधीच्या दोन वर्षांचे रिपोर्ट उघडून पाहिले. १०.४. १०.१. दोन्ही पीडीएफमध्ये तो आकडा ठळक, शेजारी खाली जाणारा बाण. मी ते रिपोर्ट तेव्हा वाचले होते. कोलेस्टेरॉल बघितलं, साखर बघितली, व्हिटॅमिन डी बघून गोळ्याही मागवल्या. हिमोग्लोबिनवरून मी पुढे गेले, कारण माझ्या डोक्यातही मावशी बसलेली होती. जिने चढताना धाप लागायची ते बैठ्या कामामुळे. केस गळायचे ते पुण्याच्या पाण्यामुळे. दुपारी तीन वाजता डोकं चालायचं नाही ते स्टँडअप मीटिंगमुळे. माझं फेरिटिन निघालं ७. मला घास अडकत नाही. आईलाही २८ व्या वर्षी अडकत नव्हता.

आता आईचं हिमोग्लोबिन १२.१ आहे, फेरिटिन २२. फायब्रॉइडवर उपचार चालू आहेत. भाकरी ती खाते, कडेची कडक भाकरीसुद्धा, पण अजून पाणी शेजारी ठेवून, सवयीने. गोळी घेतल्यावर लगेच चहा घेऊ नकोस यावरून आमची आठवड्यातून दोनदा भांडणं होतात आणि ती जिंकते. जेवायला मात्र आता ती बाबांबरोबर बसते. भाऊ वाढतो. पहिले काही दिवस त्याच्या भाकरीचे नकाशे व्हायचे म्हणून गावात बोलणी झाली. ती होऊ देत.

मावशी गेल्या महिन्यात पुण्याला आली होती. मी तिला न विचारता तिची लॅबची वेळ घेऊन ठेवली होती. ती दारातच अडून बसली, "मला काय धाड भरलीये? माझं पहिल्यापासून आठच असतं." आई आतून लुगड्याला हात पुसत आली आणि म्हणाली, "ताई, तू तांदूळ खातेस का गं अजून, निवडताना?"

मावशी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने चपला घातल्या.